कोळसा, पाव आणि नदीकाठ

1850 नंतरच्या दोन-तीन वर्षांत बोर्दो शहरातून दोन माणसे पॅरिसला आली. पहिला जॉर्ज ओस्मान. तो जन्माने पॅरिसचा, पण सासुरवाड बोर्दोची, आणि 1851 पासून जिरोंद विभागाचा सर्वोच्च सरकारी अधिकारी म्हणून त्याचा मुक्काम त्याच शहरात. जून 1853 मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्याला पॅरिसवर नेमले, आणि पुढची सतरा वर्षे त्याने ते शहर पाडून पुन्हा बांधले. दुसरा त्याच्या आदल्याच वर्षी, 1852 साली, आला होता. पंचविशीही न उलटलेला, बोर्दोतच जन्मलेला माक्सिम लालान. त्याच्या जवळ होती चित्रकलेची हौस, प्रांतातल्या शहरात मिळते तेवढी तालीम, आणि कोळशाच्या कांडीवर बसलेला हात.

ओस्मानचे नाव पॅरिसच्या एका प्रशस्त रस्त्याला आहे. लालानचे नाव आज संग्रहालयांच्या रेखाचित्र-दालनांपलीकडे फारसे कुणी घेत नाही. मला मात्र त्या काळच्या फ्रान्सकडे पाहताना हा दुसरा बोर्दोकर जास्त जवळचा वाटतो. निसर्गचित्र रेखाटण्याची एक अख्खी रीत त्याने सांभाळली, शिकवली आणि हातचे काही राखून न ठेवता जगापुढे ठेवली.

बोर्दो म्हणजे त्या काळी फ्रान्सचे एक मोठे बंदर. गारोन नदी तिथे चंद्रकोरीसारखे वळण घेते आणि त्या वळणावर अठराव्या शतकातल्या दगडी इमारतींची लांबलचक रांग उभी आहे. समोर पाण्यात शिडांच्या जहाजांची दाटी, धक्क्यावर द्राक्षारसाची पिंपे, आणि वर अटलांटिकवरून येणारे, तासातासाला रंग बदलणारे दमट आभाळ. 27 नोव्हेंबर 1827 रोजी लालान जन्मला तो या गावात. नदी, डोलकाठ्या आणि ढग यांचे वेड त्याला आयुष्यभर पुरले. पुढे सेनच्या काठी बसून काढलेल्या चित्रांतही पाण्याचा पसारा आणि दूरवर फिकट होत गेलेली काठाची रेघ तो अशा मायेने मांडतो, की हा माणूस बंदराच्या गावचा आहे हे सांगावे लागत नाही.

प्रांतातल्या चित्रकाराला पॅरिस गाठणे भागच होते. दरवर्षी किंवा वर्षाआड भरणारे ‘सालों’ हे सरकारी प्रदर्शन पॅरिसमध्ये, त्याचे परीक्षक तिथे, गिऱ्हाईक तिथे आणि वृत्तपत्रांतले टीकाकारही तिथेच. बोर्दो ते पॅरिस लोहमार्ग 1853 मध्ये सलग जोडला गेला आणि दिवसचे दिवस खाणारा घोडागाडीचा प्रवास संपला. लालानने पॅरिसमध्ये ज्याँ जिगूकडे शिक्षण घेतले. जिगू स्वतः बझांसाँचा, म्हणजे तोही प्रांतातूनच आलेला, आणि पुस्तकांसाठी चित्रे काढण्यात हात कसलेला. अशा गुरूकडे शिकलेल्या मुलाला काळ्या-पांढऱ्यातच पूर्ण चित्र दिसू लागले यात नवल नाही.

निसर्गचित्राचे दिवस तेव्हा पालटत होते. 1817 पासून फ्रेंच अकादमी ‘ऐतिहासिक निसर्गचित्रा’साठी रोमचे खास पारितोषिक देत असे. झाडे-डोंगर चालतील, पण त्यांत एखादा पुराणपुरुष किंवा रोमन वीर उभा हवा, अशी त्यामागची समजूत. दरम्यान कोरो, रूसो, दोबिन्यी ही मंडळी फोंतेनब्लोच्या अरण्यात आणि नद्यांच्या काठी जाऊन समोर दिसेल ते रंगवू लागली. 1861 मध्ये सरकारी हुकमाने त्या अरण्याचा सुमारे 1100 हेक्टरांचा भाग चित्रकारांसाठी राखून ठेवला गेला, म्हणजे तिथली तोड थांबली. दोनच वर्षांनी, 1863 मध्ये, ते जुने पारितोषिकही बंद झाले. पुराणपुरुष चित्रातून बाहेर पडले आणि झाडे उरली.

या मोठ्या बदलात कोळशाची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. शतकानुशतके कोळसा हे चित्रकाराच्या हातातले सर्वांत गरीब साधन होते. भिंतीवर किंवा कॅनव्हासवर चित्राचा आराखडा मांडायचा, आणि पक्की रेघ ओढून झाली की पिसाने किंवा फडक्याने कोळसा झटकून टाकायचा. तो टिकत नसे हीच त्याची सोय आणि हाच त्याचा दोष. बाही घासली तरी अर्धे आभाळ पुसले जायचे. दूध शिंपडून, डिंकाचे पाणी फवारून तो कागदावर धरून ठेवण्याचे प्रयत्न पूर्वीपासून चालू होते. एकोणिसाव्या शतकात खात्रीचा उपाय रुळला तो लाखेचा: शुद्ध केलेली लाख अल्कोहोलमध्ये विरघळवायची आणि ते पातळ द्रावण कागदाच्या मागच्या बाजूने लावायचे. ते कागदातून आरपार झिरपते, अल्कोहोल उडून जाते आणि कोळशाचा कण न कण जागच्या जागी चिकटतो. पुढे तोंडाने फुंकायच्या नळीने समोरून फवारणीही होऊ लागली. ही लाख त्या काळी जगभर जायची ती मुख्यतः हिंदुस्थानातून, आपल्या पळसा-कुसुमावरच्या किड्यांनी तयार केलेली. फ्रान्समधल्या एखाद्या ओढ्याकाठचे धुके शंभर-दीडशे वर्षे कागदावर टिकून राहिले त्यात छोटा नागपूरच्या जंगलांचाही वाटा असू शकेल, हा विचार मला फार आवडतो.

फ्रान्समध्ये कुंपणाकडेला वाढणारे, शरदात गुलाबी फळे धरणारे फ्युझाँ नावाचे एक झुडूप आहे. त्याच्या सरळ बारीक काड्या लोखंडी पेटीत किंवा नळीत गच्च भरून, हवा लागू नये म्हणून तोंड मातीने लिंपून भट्टीत ठेवायच्या. निवल्यावर जी कांडी निघते ती मऊ आणि एकजीव काळी असते. झुडूप, कांडी आणि त्या कांडीने काढलेले चित्र, सगळ्यांनाच फ्रेंच माणूस फ्युझाँ म्हणतो.

या कांडीने निसर्गचित्र काढण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण पेन्सिलीच्या वाटेने जाणाऱ्याला ती उलटी वाटते. पेन्सिलीने काढताना कडेपासून सुरुवात होते: आधी झाडाची बाह्यरेषा, मग फांद्या, मग पाने. कोळशात आधी अंधार घालायचा. खरबरीत कागदावर कांडी आडवी धरून मोठमोठे भाग काळवंडून टाकायचे, तळव्याने, फडक्याने किंवा कागदाच्या सुरळीने ते चोळून करडा थर करायचा, आणि मग त्या थरातून उजेड बाहेर काढायचा. त्यासाठीचे खोडरबर म्हणजे पाव. ताज्या पावाचा आतला मऊ गर बोटांत मळून त्याची टोकदार गोळी करायची आणि जिथे पाण्यावर ऊन पडले आहे तिथे ती टेकवून कोळसा उचलायचा. ढगाची कड, नदीचा चमकता पट्टा, फांद्यांच्या जाळीतून दिसणारा आभाळाचा तुकडा, हे सगळे काढलेले नसते. मागे राहिलेले असते. शेवटी दोन-चार ठिकाणी कांडीच्या टोकाने दाट काळे: नावेचा तळ, बुंध्याची साल, काठावरच्या गवताची मुळे.

काही मिनिटांत कागद भरतो, चूक हाताच्या एका फटक्यासरशी जाते, आणि ढग सरकला की चित्रही सरकवता येते. उघड्यावर बसून बदलता उजेड पकडू पाहणाऱ्या पिढीला याहून सोयीचे साधन कुठले मिळणार? कोरोने उतारवयात कोळसा जवळ केला, तपशील सोडून दिले आणि नुसत्या झाडांच्या सावल्या उभ्या केल्या. लियोंमध्ये अदोल्फ आपियाँने कोळशातली निसर्गचित्रे गाजवली. तोही प्रांतातलाच, त्याची सुरुवात तिथल्या रेशीम धंद्यात नक्षी काढण्यापासून झालेली. पॅरिसच्या ओग्युस्त आलाँझेने फोंतेनब्लोच्या परिसरातली झाडे कोळशात इतकी काढली की घरोघरच्या हौशी शिष्यांसाठी तो आदर्श झाला. लालान या मंडळींतला सर्वांत काटेकोर. त्याच्या कोळशात हवा आहे, अंतर आहे, आणि कुठे थांबायचे याचे भान आहे. कधी कधी ते भान जरा जास्तच होते, हेही सांगायला हवे. त्याची काही चित्रे इतकी सभ्य आणि नेटकी आहेत की त्यांत वादळ आले तरी कुणाची टोपी उडणार नाही असे वाटते. मिलेच्या कोळशात जमिनीचे ओझे जाणवते. ते लालानकडे शोधू नये. त्याचा प्रांत उजेडाचा आणि अंतराचा.

याच हाताला 1862 मध्ये दुसरे काम मिळाले. आल्फ्रेद कादार नावाच्या प्रकाशकाने पॅरिसमध्ये अम्लरेखन, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर अ‍ॅसिडने रेघा खोदून त्यावरून चित्रे छापण्याची कला, करणाऱ्यांची एक संस्था उभी केली. सभासदांना दर महिन्याला पाच मूळ छापचित्रे मिळत. पाच वर्षांत अशी तीनशे चित्रे निघाली. माने, ब्राकमाँ, दोबिन्यी, हॉलंडहून आलेला योंगकिंड, असे नाना स्वभावाचे चित्रकार त्यात होते आणि छपाई ओग्युस्त देलात्रची. छायाचित्रण तेव्हा झपाट्याने पसरत होते. यंत्राने हुबेहूब चित्र निघू लागल्यावर हाताच्या रेघेची किंमत लोकांना पटवून देणे हा या मंडळींचा खटाटोप होता. लालान पहिल्यापासून त्यात होता.

आणि इथे त्याची गाठ दुसऱ्या बोर्दोकराच्या कामाशी पडली. ओस्मानच्या कुदळी पॅरिसचे जुने भाग उकरत होत्या, आणि रस्ते फोडण्यासाठी चाललेली पाडापाडी लालान तांब्याच्या पत्र्यांवर नोंदवत होता. नव्या बुलव्हारसाठी अर्धी कापलेली घरे, त्यांच्या उघड्या पडलेल्या भिंतींवर धुराड्यांचे काळे पट्टे, खाली ढिगारे आणि गाड्या. ‘रू दे मार्मूझे’ हे त्याचे छापचित्र या काळातले सर्वांत प्रसिद्ध. सेनच्या बेटावरची ती अरुंद, काळोखी गल्ली; तिथल्या न्हाव्याने गिऱ्हाइके मारायची आणि शेजारच्या हलवायाने त्यांचे मांस पदार्थांत घालून विकायचे अशी दंतकथा तिला चिकटलेली. नव्या रुग्णालयाच्या बांधकामात ती गल्ली नाहीशी झाली. निसर्गचित्रकाराच्या नजरेने पाहिल्यामुळे लालानची पडकी घरेही कड्यांसारखी दिसतात. त्यांच्यावरही आभाळ असते आणि त्या आभाळाचा उजेड भिंतींवर उतरलेला असतो. शहर पाडणाऱ्यांबद्दल तो रागाचा शब्द काढत नाही. तो फक्त वेळेवर हजर राहतो, आणि माझ्या मते त्या वेळी हजर राहणे हेच मोठे काम होते.

1866 मध्ये त्याचे अम्लरेखनावरचे पुस्तक निघाले. कलासमीक्षक शार्ल ब्लाँने त्याला प्रस्तावनेदाखल पत्र लिहिले. या कलेतल्या युक्त्या तोवर एका कारखान्यातून दुसऱ्यात कानोकान जात. प्रत्येक छापणारा आपापले गुपित जपून असे. लालानने सगळे उघडे केले. पत्र्यावर मेण-राळेचा थर कसा द्यायचा, तो धुराने काळा कसा करायचा, सुई किती दाबायची, अ‍ॅसिड किती पाणी घालून वापरायचे, बिघडलेला पत्रा कसा सावरायचा, हे शेजारी बसलेल्या नवशिक्याला सांगावे तसे तो सांगतो. यातला निसर्गचित्राच्या दृष्टीने गाभ्याचा भाग अ‍ॅसिडच्या वेळेचा. पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवला की उघड्या रेघा खोदल्या जाऊ लागतात. थोड्याच वेळाने तो बाहेर काढून दूरच्या डोंगरांच्या रेघा वार्निशने झाकायच्या, म्हणजे त्या उथळ आणि फिकट राहतात. पुन्हा बुडवायचा, मग मधली झाडे झाकायची. शेवटी फक्त पुढची झुडपे आणि खडक अ‍ॅसिडच्या तोंडी उरतात आणि ते खोल, काळे होतात. म्हणजे चित्रातले जवळ-लांब हे सुईपेक्षा घड्याळावर ठरते. कोळशात जे अंतर त्याने पावाच्या गोळीने मिळवले, तेच इथे मिनिटे मोजून मिळवले. इंग्लंडचा समीक्षक हॅमर्टन याने अम्लरेखनावरच्या आपल्या 1868 च्या ग्रंथात डौलाच्या बाबतीत लालानला सर्वांच्या पुढे बसवले, ते उगाच नाही.

मग 1869 मध्ये ‘ल फ्युझाँ’ हे कोळशावरचे छोटे पुस्तक आले. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला बोर्दोच्या बंदरात भीषण आग लागली. खनिज तेल लादलेल्या एका बोटीने पेट घेतला आणि गारोनच्या पाण्यावरून आग नांगरलेल्या जहाजांत शिरली. लालानने या आगीचे छापचित्र केले: धुराचा प्रचंड लोट आणि त्याखाली लहानपणापासून पाठ असलेल्या त्या डोलकाठ्या. वर मी म्हटले की त्याच्या चित्रांत वादळ सभ्यपणे येते. हे चित्र त्याला अपवाद आहे. आपलेच गाव जळताना त्याचा हात नेटका राहिला नाही, आणि त्याच्या कामात मला ते फार वरचे वाटते.

वर्षभराने पॅरिसची पाळी आली. 19 सप्टेंबर 1870 रोजी प्रशियन फौजांनी शहराला वेढा घातला तो 28 जानेवारी 1871 पर्यंत. तटांवर नागरिकांचा पहारा बसला, बुआ द बुलोनच्या वनराईतली झाडे मोर्च्यांसाठी आणि सरपणासाठी तोडली गेली. जानेवारीत माणशी पावाचा वाटा दिवसाला 300 ग्रॅमवर आला, आणि तोही पाव नावापुरता. त्यात कोंडा आणि काय काय मिसळलेले असे. कोळशाच्या चित्रकारांचे खोडरबर आता कुणाच्या पोटालाही पुरत नव्हते. लालानने या दिवसांच्या बारा छापचित्रांची माला केली आणि कादारच्याच दुकानातून ती 1871 मध्ये बाहेर आली. तिच्यात लढाया नाहीत, प्रेते नाहीत. तटबंदी आहे, बुरूज आहेत, ओसाड झालेल्या जागा आहेत. निसर्गचित्रकाराने युद्ध असे पाहिले: जमीन कशी बदलली ते.

पुढची पंधरा वर्षे तो शिकवत आणि काढत राहिला. नॉर्मंडीचे किनारे, हॉलंडची गावे, सेनचे पूल, आणि पुन्हा पुन्हा बोर्दो. कोळशाच्या कामासाठीच्या एका कागदाला त्याचे नाव मिळाले. ‘लालान’ हे जलचिन्ह असलेले कागद त्याच्याहून कितीतरी वेगळ्या वृत्तीच्या चित्रकारांनी वापरले. 1880 मध्ये त्याच्या अम्लरेखनाच्या पुस्तकाचा कोएलरने केलेला इंग्रजी अनुवाद बॉस्टनमध्ये छापला गेला आणि अमेरिकेतली एक पिढी त्यावरून पत्रे खोदायला शिकली. 5 ऑगस्ट 1886 रोजी मार्न नदीकाठच्या नोजाँ गावी तो वारला. वय अवघे अठ्ठावन्न.

कोळशाने मात्र तोवर घर केले होते. शेतकरी जीवनाची चित्रे काढणाऱ्या लेर्मितने त्यात मोठमोठी चित्रे केली. हॉलंडमध्ये चित्रकलेचा नुकता नाद लागलेला व्हॅन गॉग 1881 च्या सुमारास कार्ल रोबेरच्या फ्रेंच पुस्तकावरून कोळसा हाताळायला शिकत होता. आणि खुद्द बोर्दोचा ओदिलाँ रेदाँ, लालानहून बारा-तेरा वर्षांनी धाकटा, त्याच कांडीने तरंगते डोळे आणि झाडावर उगवलेली माणसांची मुंडकी काढू लागला. लालानने ज्या काळ्या थरातून नदीचा उजेड बाहेर काढला, त्याच थरातून रेदाँने स्वप्ने बाहेर काढली. कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांना साहजिकच रेदाँ मोठा दिसला, आणि आहेच तो मोठा. शिवाय 1874 नंतर दृक्-प्रत्ययवाद्यांचा रंग इतका चढला की काळ्या-पांढऱ्या निसर्गचित्रांचे सगळे दालनच मागे पडले. पण कोळसा हे पूर्ण चित्राचे साधन आहे, ते चौकटीत लावून भिंतीवर टांगता येते, ही गोष्ट रेदाँच्या आधीच्या पिढीने लोकांच्या गळी उतरवली होती. त्या पिढीत शिकवण्याचे सर्वांत मोठे काम लालानचे आहे, आणि त्याचे नाव रेदाँच्या नावाआधी एकदा तरी घेतले जायला हवे.

आपल्याकडच्या कलाशाळांत कोळसाही शिकवतात आणि अम्लरेखनाचे यंत्रही बहुतेक ठिकाणी असते. तिथल्या विद्यार्थ्यांना माझे एकच सांगणे: लालानचे 1866 चे पुस्तक इंग्रजीतून वाचायला मिळते, ते जुने म्हणून बाजूला ठेवू नका. पत्रा समोर घेऊन ते वाचा, आणि कोळशाचा पहिला कागद काळा करताना खिशात पावाचा एक ताजा तुकडा असू द्या.